पाणंद कुणा एकाची नव्हे



या सदरात आपण एरवी पिकापाण्याच्या गोष्टी बोलतो. आज मात्र पिकापर्यंत नेणाऱ्या वाटेविषयी बोलावे म्हणतो. दिवाळी सरली की आपल्या पाणंदी एकदम जाग्या होतात. उसाच्या गाड्या निघतात, रब्बीच्या पेरणीचे ट्रॅक्टर फिरू लागतात, मेंढपाळांचे वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून वाटेला लागतात आणि जत्रांचे दिवस जवळ आले म्हणून शर्यतीच्या घोड्या भल्या पहाटे पळवायला बाहेर निघतात. दूधवाला, शाळेची पोरे, वैरणीचा भारा घेतलेल्या बाया आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलेले म्हातारे यांचीही वाट तीच. वाट एक, वेळ एक आणि प्रत्येकाला घाई. मग भांडण व्हायला किती वेळ लागतो?

यंदा दोन-तीन गावांतून माझ्याकडे एकच तक्रार आली, ती घोड्यांची. कोणी म्हणाले, "साहेब, ही घोडी पाणंदीत आणायला बंदी करा." घोडीवाला म्हणाला, "साहेब, बापजाद्यांपासून आमची जनावरं याच वाटेनं जातात, आता फटफट्या आल्या म्हणून आम्ही हवेतनं जायचं का?" दोघांचेही ऐकून घेतले तेव्हा वाटले की हा विषय चव्हाट्यावर मांडलेला बरा.

आधी घोडा आपल्याकडे कुठून आला ते पाहू. घोडा म्हणजे श्रीमंतांचा षोक, असे शहरातल्या माणसाला वाटते. आपल्याकडे तसे नाही. भीमा खोऱ्यातली भीमथडीची तट्टे मराठ्यांच्या सैन्यात नावाजलेली होती. अंगाने लहान, खायला थोडे आणि चालायला चिवट. तसल्याच काटक तट्टांवर आजही पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागातल्या मेंढपाळांचा संसार चालतो. पावसाळा संपला की पठारावरचे मेंढपाळ चाऱ्याच्या शोधात निघतात, कित्येक वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडाला परत फिरतात. भांडीकुंडी, वाघर, अंथरूण, कोंबड्या, नुकती व्यालेली कोकरे आणि कधी तान्हे मूलही त्या घोडीच्या पाठीवर असते. पुरुष कळपाबरोबर रानातून जातात, घोड्या बहुधा घरातल्या बाया हाकतात. म्हणजे पाणंदीत तुम्हाला जी घोडी भेटते ती एक चालते घर असते.

दुसरी घोडी शर्यतीची. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. तेव्हापासून घाट पुन्हा भरू लागले. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात गाड्यापुढे घोडी पळते, तर दक्षिणेकडे काही ठिकाणी घोडा आणि बैल यांची जोडी जुंपतात. या जनावरांना रोज पळवून तयार ठेवावे लागते, आणि त्यासाठी मोकळी सरळ वाट कुठे मिळते? एक तर कालव्याच्या कडेला, नाही तर पाणंदीत.

आता घोड्याचा स्वभाव नीट समजून घ्या, कारण निम्मी भांडणे त्या अज्ञानातून होतात. बैल घाबरला तर तो बहुधा जागीच अडून बसतो किंवा शिंग उगारतो. घोडा घाबरला की पळतो. रानात असताना वाघ-लांडग्यापासून जीव वाचवायचा तोच एक उपाय त्याला ठाऊक होता आणि माणसाळला तरी तो स्वभाव गेला नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. फक्त नाकासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची जागा त्याला दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या जागेतून अचानक काही आले की तो आधी लाथ झाडतो आणि मग पाहतो. कान तर इतके तिखट की आपल्याला ऐकू येण्याआधी तो ते टवकारतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. घोड्याला सर्वांत जास्त बुजवते ते मागून वेगाने येणारे वाहन. गंमत अशी की सायकलही त्यात येते. मोटारसायकलचा आवाज तरी लांबून येतो, सायकल मात्र गुपचूप येऊन एकदम पायाशी उभी राहते. तसेच वाऱ्याने फडफडणारा प्लास्टिकचा कागद, डोक्यावर भारा घेतलेली आणि तोंड झाकलेली व्यक्ती, झुडपाआड लपून बसलेली पोरे, या साऱ्यांना घोडा बुजतो. आपल्याला तो भारा दिसतो, घोड्याला माणसाचा आकार ओळखू येत नाही. अशा वेळी तोंडाने दोन शब्द बोलावेत. "थांब गं बाई, मीच आहे," एवढे म्हटले तरी पुरते. माणसाचा आवाज ऐकला की घोडी ओळखते आणि निवळते.

एका गावात घडले ते सांगतो. गावाचे नाव घेत नाही, कारण तिथली माणसे आता एकमेकांशी नीट बोलू लागली आहेत. सकाळी सहाची वेळ. दूधवाला मोटारसायकलला दोन किटल्या बांधून पाणंदीने चालला होता. पुढे मेंढपाळाची बाई दोन घोड्या घेऊन चालली होती, मागच्या घोडीजवळ शिंगरू होते. बाई हात वर करून म्हणाली, "दादा, जरा गाडी बंद करा, घोडी बुजतीया." दूधवाल्याला डेअरीची वेळ गाठायची होती. तो म्हणाला, "तुझ्या घोडीसाठी काय डेअरी थांबती व्हय?" आणि हॉर्न देत तो बाजूने घुसला. घोडी आणि शिंगरू यांच्या मधून गाडी गेली मात्र, घोडीने मागचे दोन्ही पाय झाडले. दूधवाल्याचे नडगीचे हाड मोडले, चाळीस लिटर दूध मातीत गेले आणि दुसरी घोडी बिऱ्हाडासकट उधळून बाजूच्या हरभऱ्यात शिरली.

एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. ज्याचा हरभरा तुडवला त्याने रागाच्या भरात दुसऱ्या दिवशी जेसीबी आणून पाणंदीच्या तोंडाशी आडवा चर मारला. म्हणाला, "आता बघतो घोडी कशी येती ती." घोडी तर आलीच नाही, वाडा केव्हाच पुढच्या गावाला गेला होता. पण चराच्या पलीकडे चार शेतकऱ्यांचा ऊस तोडीला आला होता. टोळी येऊन उभी राहिली, ट्रॉली आत जाईना. तोड लांबली, टोळी दुसऱ्या गावाला निघून गेली, ऊस वाळत उभा राहिला. घोडीने केलेले नुकसान हरभऱ्याच्या दोन सऱ्यांचे, चराने केलेले नुकसान चार घरांच्या वर्षाच्या पैशाचे. त्यातल्या एका घरात मुलीचे लग्न ठरलेले होते. रागाच्या भरात मारलेला चर कोणाच्या दारात निघेल हे सांगता येत नाही, मंडळी.

पुढे ग्रामपंचायतीत बैठक झाली. चर बुजवला गेला. दूधवाल्याच्या औषधाला सगळ्यांनी थोडी वर्गणी केली. बैठकीत एका म्हाताऱ्याने विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. तो म्हणाला, "आमच्या लहानपणी या पाणंदीत दोन बैलगाड्या शेजारून जात होत्या. आज एक घोडी आणि एक फटफटी मावंना. पाणंद गेली कुठं?"

सगळे गप्प बसले, कारण पाणंद कुठे गेली हे सगळ्यांनाच माहीत होते.

आता जरा हिशेब करू. गावच्या नकाशात पाऊलवाट एका तुटक रेषेने आणि गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवलेली असते. पाऊलवाटेची रुंदी सव्वाआठ फूट आणि गाडीवाटेची साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली आहे. नांगरट करताना दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी दरसाल फक्त चार-चार बोटे बांध आत सरकवला, तरी वर्षाला सहा इंच वाट कमी होते. सोळा वर्षांत आठ फूट गेली. साडेसोळा फुटांची गाडीवाट साडेआठ फुटांची पाऊलवाट झाली, आणि कोणी चोरी केली असे कोणालाच वाटले नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली सहा-सात फुटांची असते. घोडीला माणसासकट बाजूला उभे राहायला चार-पाच फूट लागतात. जुन्या गाडीवाटेत दोघे सुखाने गेले असते. म्हणून मी म्हणतो, घोडीवर खापर फोडण्याआधी दोन्हीकडच्या बांधावर एकदा टेप लावून पाहा.

वाट अडवली गेली तर काय करावे, हेही आपल्या घरात माहीत असायला हवे. पहिला उपाय गावची बैठक, तो स्वस्त आणि लवकर होणारा. त्याने जमले नाही तर तहसीलदार. पूर्वीपासून चालत आलेली वाट कोणी चर मारून, काटे टाकून वा कुंपण घालून बंद केली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मात्र अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. "बघू पुढच्या सुगीला" म्हणत बसलात तर मुदत निघून जाते. आणि शेताला मुळात वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३ प्रमाणे इतरांच्या बांधावरून वाट मागता येते. तिथे तहसीलदार शेतकऱ्याची गरज काय आहे हे पाहून निर्णय देतात. निर्णय मान्य नसेल तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. अर्जासोबत सातबारा आणि भूमी अभिलेख कार्यालयातून घेतलेली नकाशाची नक्कल जोडावी. दोन कायद्यांतला हा फरक लक्षात ठेवा. कित्येकांचे अर्ज चुकीच्या कलमाखाली जातात आणि सुगी निघून जाते.

मेंढपाळाचा मात्र विचार वेगळा करावा लागतो. त्याचे आज इथे, उद्या तिथे. तहसीलदाराची तारीख पडेल तेव्हा तो पन्नास कोसांवर असेल. कायद्याची पायरी त्याला चढता येत नाही, म्हणून त्याचा हक्क आपल्या माणुसकीवर आणि जुन्या रिवाजावर टिकून आहे. आणि तो काही फुकटचा पाहुणा नव्हे. शेतात मेंढ्या बसवल्या की काय मिळते ते आपल्या आजोबांना ठाऊक होते, म्हणून ते धान्य देऊन वाडा बसवून घेत. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते, तर शेळ्या-मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंडीखतात ते तीन टक्क्यांच्या आसपास असते. शिवाय मेंढ्या रानातच बसल्यामुळे मूत्रही जमिनीतच जिरते, उकिरड्यावर वाया जात नाही. पाणंदीत ज्याला शिव्या घालतो त्यालाच आपण संध्याकाळी "मामा, दोन रात्री आमच्या रानात बसवा" असे म्हणतो. सकाळची शिवी तो विसरतो हा त्याचा मोठेपणा.

आता वाहनवाल्यांसाठी एक कायदा सांगतो, जो फार थोड्यांना माहीत असतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३२ मध्ये असे आहे की, जनावर सांभाळणाऱ्या माणसाला आपले जनावर वाहनाने बुजून आवरेनासे होईल अशी भीती वाटली आणि त्याने थांबायला सांगितले, तर चालकाने वाहन थांबवून उभे केले पाहिजे. म्हणजे त्या बाईने हात वर करून जे मागितले ते तिचे उपकार मागणे नव्हते, तो तिचा हक्क होता.

कायदा एकाच बाजूचा आहे असेही समजू नका. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होईल अशी हयगय करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तसेच पिकात शिरून नुकसान करणारे जनावर कोंडवाड्यात घालण्याविषयीचा जो १८७१ चा कायदा आहे, त्यात गाईबैलांबरोबर घोडे, तट्टे, मेंढ्या, शेळ्या यांचीही नावे आहेत. पण जनावर पकडले की चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवायचे असते. घरच्या गोठ्यात बांधून ठेवून पैसे मागणे हा त्यातला मार्ग नव्हे.

हे भांडण आपल्याच शिवारात आहे असे नाही. रायगड जिल्ह्यातल्या माथेरानचे उदाहरण घ्या. तिथे मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि पुढे पायी किंवा घोड्यावर जायचे. केंद्र सरकारने २००३ साली तो परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. लाल मातीचा एकच रस्ता, त्यावर पायी चालणारी कुटुंबे, घोडे आणि माणसाने ओढायच्या रिक्षा. डिसेंबर २०२२ मध्ये त्यात प्रयोग म्हणून ई-रिक्षा आल्या. रस्त्यावर मातीच्या विटांसारखे ठोकळे बसवायचे ठरले, तेव्हा घोडेवाल्यांनी हरकत घेतली की त्यावर घोड्याची टाप घसरते. हातरिक्षावाल्यांना मातीत रिक्षा ओढणे जिवावर येत होते. दोघेही पोटासाठीच भांडत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत बंद करून त्या लोकांना ई-रिक्षा देण्याची योजना करावी असे सांगितले. ठोकळे दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर बसवावेत, पण आतल्या वाटांवर नकोत, असाही निर्णय दिला.

यात आपल्याला घेण्यासारखे काय? एक वाट सगळ्यांना सारखीच सोयीची होत नाही, तेव्हा कोणती वाट कोणासाठी कशी ठेवायची हे ठरवावे लागते. परदेशातही हाच मार्ग काढला आहे. इंग्लंडमध्ये घोडेवाटांवर सायकली चालवायला १९६८ च्या कायद्याने मुभा दिली, पण त्याच कायद्यात अट घातली की सायकलवाल्याने पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यावी. अमेरिकेत डोंगरातल्या वाटांवर तीन चित्रांची पाटी असते. सायकलने सर्वांना वाट द्यावी आणि पायी माणसाने घोड्याला. ज्याला थांबणे सोपे त्याने थांबावे, एवढाच त्याचा अर्थ. पाणंदीतही तेच लावून पाहा. मोटारसायकल ब्रेक दाबला की थांबते, बुजलेली घोडी कशाने थांबणार?

माथेरानच्या लोकांना त्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले. तुमच्या पाणंदीचा निकाल पारावर लागू शकतो. बैठकीत ठरवण्यासाठी काही गोष्टी सुचवतो, त्यात आपल्या गावाप्रमाणे भर घालावी.

वाहन चालवणाऱ्यांनी घोडी दिसली की वेग कमी करावा. मागून जाताना हॉर्न न देता तोंडाने हाक मारावी. समोरच्याने हात केला तर इंजिन बंद करावे, घोडी आणि शिंगरू यांच्या मधून कधीही गाडी घालू नये. ट्रॅक्टरवाल्यांनी आणखी एक करावे. चिखलणीची लोखंडी चाके लावून पाणंदीतून जाऊ नये. घोड्याच्या टापांनी वाट उखडते असे आपण म्हणतो, पण त्या चाकांची एक फेरी टापांच्या महिन्याच्या चालीला भारी पडते.

पायी चालणाऱ्यांनी घोडी येताना दिसली की एका बाजूला, तिला दिसेल अशा जागी उभे राहावे. झुडपाआड किंवा बांधाआड लपू नये. मागून तिच्या जवळ जाऊ नये, जायचेच तर खांद्याच्या बाजूने बोलत जावे. डोक्यावर भारा असेल तर आधी आवाज द्यावा. पोरांनी खडे मारणे, शेपूट ओढणे, हे घरी बजावून सांगा. बरोबर कुत्रे असेल तर त्याला धरून ठेवावे.

घोडीवाल्यांचीही जबाबदारी तेवढीच मोठी आहे. घोडीच्या गळ्यात घुंगरू किंवा घाट बांधावी, म्हणजे वळणापलीकडच्याला आधी कळते. पाणंदीत माणूस दिसला की घोडी चालीवर आणावी, भरधाव काढू नये. शर्यतीची घोडी पळवायची वेळ गावाने ठरवून द्यावी, शाळेच्या आणि दुधाच्या वेळा सोडून. काळ्या रानातल्या वाटेला पाऊस पडल्यावर वाफसा येईपर्यंत तिथे पळवणे बंद ठेवावे, कारण ओल्या मातीत टापांचे खड्डे पडतात आणि ते वाळले की सायकलवाल्याचे मनगट मोडते. नर घोडा शर्यतीसाठी ठेवला असेल तर तो जाणत्या माणसाच्याच हाती द्यावा. वाटेत मेंढपाळाची घोडी माजावर असली तर पोरसवद्या स्वाराला तो आवरत नाही. लीद मधोमध पडली तर फावड्याने बाजूला करावी. ती कुजवली की चांगले खत होते, वाटेवर राहिली तर नुसते भांडण होते.

आणि सर्वांसाठी एक आरोग्याची गोष्ट. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात. लाथ लागून, पडून वा खरचटून जखम झाली तर ती साबण-पाण्याने स्वच्छ धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. हळद भरून घरी बसू नये. पोटाला किंवा डोक्याला लाथ लागली असेल तर वरून काही दिसत नसले तरी दवाखान्यात नेलेच पाहिजे.

याखेरीज गावाने एक काम मनावर घ्यावे. पाणंदीच्या मापाची एकदा मोजणी करून घ्यावी. सगळी रुंदी एकदम मोकळी होणे अवघड असेल, तर निदान दर दोनशे पावलांवर एक बाजूला सरकायची जागा करावी, बैलगाडी उभी राहील एवढी. त्याला फार तर दोन गुंठे जमीन लागेल आणि ती सगळ्यांच्या बांधातून थोडी थोडी निघेल. समोरून घोडी आली की ट्रॅक्टर तिथे थांबेल, ट्रॅक्टर आला की घोडी थांबेल. बाभळीच्या लोंबत्या फांद्या तोडाव्यात, वळणावरचे गवत काढावे. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. ग्रामसभेचा ठराव करून ग्रामरोजगार सेवकाकडे किंवा पंचायत समितीत चौकशी करावी. पण अतिक्रमण आपले आपणच सोडल्याखेरीज कोणतीही योजना पाणंदीत उतरत नाही, कारण मुरूम टाकायला आधी जागा लागते.

आपल्या आयाबहिणींना मुद्दाम सांगतो. पाणंदीचा सर्वांत जास्त वापर तुम्हीच करता, वैरणीला, भांगलणीला, पाण्याला. पण पाणंदीची बैठक भरते तेव्हा पारावर पुरुषच दिसतात. या वेळी तुम्ही जा. कोणत्या वळणावर भीती वाटते, कोणत्या वेळी घोडी अंगावर येते, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक नाही. आणि घोडी घेऊन जाणारी ती मेंढपाळाची बाई वाटेत भेटली तर तिला तांब्याभर पाणी विचारा. तुमच्यासारखीच तिच्याही डोक्यावर घराचा भार आहे, फक्त तो घोडीच्या पाठीवर आहे.

या आठवड्यात एक करा. संध्याकाळी दोघा-तिघांनी मिळून आपल्या पाणंदीची रुंदी पाच ठिकाणी मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. जिथे ती सर्वांत अरुंद भरेल तिथेच तुमच्या गावाचे पुढचे भांडण उभे आहे असे समजा, आणि ते होण्याआधी बैठक बोलवा.

पुढच्या अंकात हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी बोलू. तोवर रामराम.